ओबोची रीड: फट किती असावी?

आमच्या बँडमध्ये ओबो वाजवणारा मी एकटाच. रीड बिघडली तर शेजाऱ्याकडे मागायची सोय नाही; क्लॅरिनेटची एकेरी रीड मला चालत नाही. ओबोची रीड सनईसारखी दुहेरी असते. बोरूसारख्या गवताच्या दोन पातळ पात्या धातूच्या नळीवर दोऱ्याने घट्ट बांधलेल्या असतात. टोकाकडून पाहिलं तर मधली फट अर्धवट मिटलेल्या डोळ्यासारखी दिसते. सगळा खेळ तिचाच.

फट जास्त उघडी असली की फुंकायला जोर लागतो, स्वर उतरतो आणि ओठ लवकर थकतात. फार मिटलेली असली की आवाज बारीक येतो, स्वर चढतो, आणि जोरात फुंकलं तर पात्या चिकटून आवाजच बंद!

गेल्या वार्षिक दिनाला सकाळी मला रीड जास्त उघडी वाटली. घाईत ती कोरडीच चिमटीत दाबली. टक्! सरळ चीर गेली. उस्ताद रागावले नाहीत, एवढंच म्हणाले, "पहले पानी, फिर उँगली."

म्हणून आधी रीड दोन-तीन मिनिटं साध्या पाण्यात ठेवा. पाण्यानेच फट थोडी उघडते, त्यामुळे कोरड्या रीडवरून काही ठरवू नका. ओली झाल्यावरही जास्त उघडी वाटली, तर टोकाच्या जरा मागे, पात्यांच्या सपाट बाजूंवर अंगठा आणि तर्जनी ठेवून हलकेच दाबा. दहापर्यंत मोजा, सोडा, फुंकून पाहा. गरज वाटली तर पुन्हा. फट मिटलेली असेल तर उलट करा: खाली दोऱ्याजवळ दोन्ही कडांवरून दाबा, म्हणजे पात्या मधून फुगतात. काही रीडवर बारीक तार असते. ती वरून-खालून दाबली तर फट मिटते, कडांवरून दाबली तर उघडते. पण पक्कड अगदी केसभरच दाबायची. चाकूला मात्र मी हात लावत नाही. खरवडलेली पाती परत येत नाही.

त्या दिवशी उरलेली एकच रीड फार मिटलेली होती. स्टेजमागे तिच्या कडा दाबत बसलो. पहिला स्वर किंचित चढाच लागला, पुढे सावरलं. आई म्हणाली, छान वाजलं. उस्तादांनी विचारलं, "तीसरी रीड कहाँ थी?"

आता माझ्या डबीत चार असतात.