आवाहनाची भाषा : १९६२ चे युद्ध आणि स्त्रिया



२० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनने भारतावर आक्रमण केले. राष्ट्रीय संरक्षण निधी उभारण्यात आला आणि स्त्रियांना दागिने देण्याचे आवाहन देशभर झाले. त्या आवाहनाची भाषा आपण तपासू.

‘माता-भगिनींनो’ हे अशा आवाहनांतील परिचित संबोधन. ते स्त्रीला नागरिक म्हणून नव्हे, तर नात्याने हाक मारते. नागरिकाला केलेली विनंती नाकारता येते. आईला घातलेली साद नाकारणे कठीण असते. अशा रीतीने विनंतीचे कर्तव्य होते. क्रियापदही पाहा. ‘द्या’ म्हटले की मागणारा वेगळा, देणारी वेगळी. ‘आपण देऊ या’ म्हटले की दोघे एकाच बाजूला येतात.

‘त्याग’ या शब्दामागे मात्र एक जुना शब्द झाकला जातो : स्त्रीधन. त्यावर स्त्रीची स्वतःची मालकी असते. अवर्षणप्रवण भागात अडीनडीला तीच पुंजी उपयोगी पडे. म्हणून दागिना देणे ही केवळ भावना नव्हती. तो आर्थिक निर्णयही होता.

स्वाध्याय : फुलंब्री परिसरातील एखाद्या वृद्ध स्त्रीकडून त्या काळाच्या आठवणी ऐका. दागिन्यांविषयी बोलताना ती ‘दिलं’ म्हणते की ‘द्यावं लागलं’, याची नोंद करा व दोन्ही रूपांतील अर्थभेद स्पष्ट करा.