ठिपक्यांच्या चौकोनाचा पाठ
(इयत्ता ५ वी ते ७ वीच्या शिक्षकांसाठी)

प्रस्तावना

संगणक व इंटरनेट यांची आवड असलेला शिक्षक आता बहुतेक केंद्रांत आढळतो. दिवसभराचे काम आटोपल्यावर तो काही ना काही शोधीत असतो आणि सापडलेल्या वस्तूंची यादी ठेवतो. या यादीत दोन प्रकारच्या वस्तू असतात. पहिला प्रकार निव्वळ नवलाचा. इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत १९९१ साली कॉफीच्या भांड्यासमोर एक कॅमेरा बसविण्यात आला. भांडे भरलेले आहे की रिकामे, हे जागेवरून न उठता कळावे, एवढाच त्याचा हेतू होता. १९९३ साली ते चित्र इंटरनेटवर आले आणि २००१ साली कॅमेरा बंद होईपर्यंत जगभरचे लोक ते भांडे पाहत राहिले. दुसरा प्रकार उपयोगाचा. वर्गात नेता येईल, मुलांच्या हाती देता येईल आणि ज्यातून पाठ्यक्रमातील काही शिकविता येईल, अशी ती वस्तू असते.

नवल वाईट नव्हे. कुतूहल हेच शिक्षणाचे पहिले पाऊल होय. परंतु शाळेचा वेळ मोजका असतो. म्हणून सापडलेली वस्तू वर्गात नेण्यापूर्वी तिला तीन प्रश्न विचारावेत. ती इंटरनेटवाचून चालेल काय? तिचे कार्य मुलांना उकलून दाखविता येईल काय? तिच्यापासून मुलांच्या घराला काही लाभ किंवा धोका आहे काय? या तिन्ही कसोट्यांना उतरणारी एक वस्तू पुसदच्या बाजारातील प्रत्येक दुकानात टांगलेली दिसते. चहाच्या टपरीवर, भाजीच्या हातगाडीवर, औषधांच्या दुकानात आणि मुलांच्या पाठ्यपुस्तकांतही ती आहे. काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचा तो चौकोन म्हणजेच क्यूआर कोड. प्रस्तुत पाठ त्याच्यासंबंधी आहे.

शिक्षकासाठी पूर्वज्ञान

हे चिन्ह पैशांच्या देवघेवीसाठी जन्मास आलेले नाही. जपानमध्ये मोटारीचे सुटे भाग तयार करणाऱ्या डेन्सो या उद्योगसमूहात मासाहिरो हारा हे अभियंते काम करीत असत. उभ्या रेघांच्या जुन्या पट्टीत, म्हणजे बारकोडात, फार थोडी माहिती मावे. त्यामुळे एकाच पेटीवरील अनेक पट्ट्या कामगारांना एकामागून एक वाचाव्या लागत. रेघा एकाच दिशेने माहिती धरतात. माहिती आडव्या व उभ्या अशा दोन्ही दिशांनी मांडली तर तेवढ्याच जागेत पुष्कळ अधिक मावेल, हा विचार हारा यांनी केला. 'गो' नावाच्या खेळात चौकटींच्या पटावर काळ्यापांढऱ्या सोंगट्या मांडतात. तो पट पाहून ही कल्पना सुचल्याचे त्यांनी सांगितले आहे. १९९४ साली हे चिन्ह प्रसिद्ध झाले. त्याचे पेटंट कंपनीजवळ होते, तरी ठरलेल्या नमुन्याप्रमाणे चिन्ह वापरणाऱ्यांवर तिने तो हक्क बजावला नाही. त्यामुळे ते जगभर विनामूल्य पसरले.

महाराष्ट्रातील प्राथमिक शाळांशी या चिन्हाचे नाते जोडण्यात सोलापूर जिल्ह्यातील एका शिक्षकाचे नाव प्रामुख्याने घेतले जाते. माढा तालुक्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेत श्री. रणजितसिंह डिसले २००९ साली रुजू झाले. त्यांनी पाठ्यपुस्तकातील पानांना क्यूआर कोड जोडून त्यांतून ध्वनिमुद्रित कविता, चित्रफिती व गोष्टी मुलांपर्यंत पोहोचविल्या. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही अशी चिन्हे छापली जाऊ लागली. ३ डिसेंबर २०२० रोजी त्यांना 'ग्लोबल टीचर प्राइझ' हा १० लाख डॉलरचा पुरस्कार जाहीर झाला आणि त्यातील अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. यातून घेण्याचा बोध असा की, मोटारीच्या कारखान्यातील साधन वर्गाच्या उपयोगी पडू शकते, हे ओळखण्यास प्रयोगशाळा लागत नाही. मुलाची अडचण जाणणारी दृष्टी लागते.

विषयविवेचन : पहिला टप्पा, चिन्हाची रचना

फळ्यावर चौकटी आखून सर्वांत लहान क्यूआर कोडाचा सांगाडा काढावा. त्यात २१ ओळी व २१ रकाने असतात, म्हणजे एकूण ४४१ घरे. यापुढील प्रत्येक आकारात बाजू ४ घरांनी वाढते : २१, २५, २९, ३३. असे एकूण ४० आकार आहेत. चाळिसाव्याची बाजू किती, हे मुलांना काढावयास सांगावे. २१ मध्ये ३९ वेळा ४ मिळविले की १७७ येतात.

तीन कोपऱ्यांतील मोठे चौरस मुलांच्या चटकन लक्षात येतात. प्रत्येक चौरस ७ × ७ घरांचा असतो. बाहेरची काळी चौकट २४ घरांची, आतील पांढरी १६ घरांची आणि मधला काळा चौरस ९ घरांचा. बेरीज ४९. क्षेत्रफळाचा पाठ येथे आपोआप होतो. मध्यातून आडवी रेघ ओढली तर काळे १, पांढरे १, काळे ३, पांढरे १, काळे १ असा क्रम मिळतो. हा क्रम सामान्य छापील मजकुरात क्वचितच आढळतो, म्हणून तो निवडण्यात आला. त्यावरून कॅमेऱ्यास चिन्ह कोठे आहे ते कळते. चौथा कोपरा असा नसल्यामुळे चिन्ह उलटे धरले तरी वरची बाजू कोणती हेही कळते. "चारही कोपरे सारखे असते तर काय झाले असते?" हा प्रश्न विचारून मुलांना विचार करू द्यावा. उत्तर शिक्षकाने घाईने सांगू नये.

दुसरा टप्पा, चूक दुरुस्त करणारे चिन्ह

छापलेल्या चिन्हाच्या मध्यभागावर एका मुलाने बोट ठेवावे व दुसऱ्याने मोबाईलने ते वाचावे. बहुधा ते वाचले जाते. कारण माहितीबरोबरच तिची पडताळणी करणारी जादा माहितीही चिन्हात भरलेली असते. दुरुस्तीच्या चार पातळ्या आहेत. पहिलीत सुमारे ७ टक्के, नंतर १५, २५ आणि सर्वोच्च पातळीत सुमारे ३० टक्के भाग बिघडला तरी मूळ मजकूर परत मिळतो. मात्र कोपऱ्यांतील मोठे चौरस झाकले तर चिन्ह सापडणेच अवघड होते. हेही करून दाखवावे.

या सुरक्षिततेचे मोल द्यावे लागते. 'पुसद' हा शब्द घ्यावा. संगणकाच्या दृष्टीने त्यात प, उकार, स, द अशी ४ चिन्हे आहेत. युनिकोडाच्या प्रचलित पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास ३ बाइट जागा लागते, म्हणून हा शब्द १२ बाइटांचा झाला. कमी पातळीच्या दुरुस्तीत तो २१ घरांच्या चिन्हात मावतो. सर्वोच्च पातळी निवडली की त्यासाठी २५ घरांचे चिन्ह लागते. शब्द तोच असतो, परंतु राखण अधिक असल्यामुळे चिन्ह मोठे होते.

तिसरा टप्पा, चिन्ह तयार करणे

यासाठी पैसे किंवा इंटरनेट लागत नाही. लिबरऑफिस हे विनामूल्य साधन शाळेच्या संगणकात एकदा बसविले की पुरे. त्याच्या २०२० साली आलेल्या ६.४ या आवृत्तीपासून क्यूआर कोड तयार करण्याची सोय त्यातच आहे. मजकूर लिहावा, दुरुस्तीची पातळी निवडावी आणि चिन्ह छापावे. तयार झालेले प्रत्येक चिन्ह मोबाईलचे इंटरनेट बंद करून आधी वाचून पाहावे.

येथे एक सूचना महत्त्वाची आहे. मराठी मजकूर युनिकोडातच लिहावा. अनेक शाळांतील जुनी टिपणे जुन्या फॉन्टांत आहेत. त्या पद्धतीत संगणक प्रत्यक्षात रोमन अक्षरेच साठवितो व त्यांवर देवनागरीचा पेहराव चढवितो. तो विशिष्ट फॉन्ट नसलेल्या ठिकाणी हा मजकूर निरर्थक दिसतो आणि क्यूआर कोडातही तसाच उतरतो. युनिकोडात देवनागरीसाठी १२८ स्वतंत्र जागा राखून ठेवल्या आहेत, त्यामुळे 'प' सर्वत्र 'प' च राहतो. जुन्या फॉन्टांतील शालेय लेखन वेळीच युनिकोडात आणले नाही, तर वर्षानुवर्षांचे श्रम उद्या कोणास वाचता येणार नाहीत.

उपयोजन : भिंतीवरचे कोडे

पुष्कळ शिक्षकांची समजूत अशी की, क्यूआर कोड म्हणजे इंटरनेटवरील पत्ताच. तसे नाही. मजकूर थेट चिन्हातच साठविता येतो. सर्वांत मोठ्या चिन्हात, किमान दुरुस्ती ठेवली असता, २,९५३ बाइट मावतात, म्हणजे देवनागरीची सुमारे ९८० चिन्हे. वर्गासाठी मात्र दोनतीन ओळींचा मजकूरच बरा. चिन्ह लहान राहते व साध्या मोबाईलनेही वाचता येते.

पुसद तालुक्यातील तांड्यांवरचे मूल घरी गोरमाटी बोलते. जिल्ह्यातील कोलाम पोडांवर कोलामी ऐकू येते. शाळेत आल्यावर हे मूल पहिले काही महिने गप्प असते, हे अनुभवी शिक्षकांस सांगावयास नको. अशा मुलाने आजीकडून एक कोडे विचारून आणावे. ते त्याच्याच बोलीत देवनागरी लिपीत लिहावे, खाली मराठी अर्थ द्यावा, आणि त्याचे चिन्ह वर्गाच्या भिंतीवर लावावे. इतर मुले ते वाचतील, अडतील आणि अर्थ विचारावयास त्या मुलाकडेच जातील. कालपर्यंत जो गप्प होता तो आज सांगणारा होतो. या पाठाचे खरे फळ हेच होय. चिन्हात मुलाचे पूर्ण नाव, छायाचित्र किंवा घरचा दूरध्वनी क्रमांक मात्र घालू नये.

सावधगिरीचा भाग

हा भाग वगळू नये. मुलांच्या घरी आता पैशांचे व्यवहार मोबाईलवरून होतात आणि अनेक घरांत ते मुलांकडूनच करवून घेतले जातात. पुढील तीन वाक्ये फळ्यावर लिहून मुलांकडून वहीत उतरवून घ्यावीत :

१. पैसे घेण्यासाठी चिन्ह वाचावे लागत नाही व पिनही द्यावा लागत नाही. पिन फक्त पैसे देताना लागतो.

२. पैसे देण्यापूर्वी पडद्यावर आलेले नाव दुकानदारास मोठ्याने वाचून दाखवावे. चिन्हावर दुसऱ्याचे चिन्ह चिकटविलेले असू शकते.

३. फसवणूक झाल्यास विलंब न लावता १९३० या क्रमांकावर कळवावे.

"तुमचे पैसे यावयाचे आहेत, हे चिन्ह वाचा आणि पिन टाका," अशी बतावणी करून शेतमाल विकणाऱ्यास फसविता येते. पहिले वाक्य ज्या घरातील मुलास पाठ आहे, ते घर या फसवणुकीपासून वाचू शकते. डोळ्यांनी चिन्हाचा अर्थ कळत नाही, म्हणून त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये, हे तत्त्व मुलांच्या मनावर ठसवावे.

हीच दक्षता शिक्षकानेही बाळगावी. इंटरनेटवरील पत्ता असलेले चिन्ह हे केवळ दार आहे. दारामागील खोली बदलू शकते, रिकामी होऊ शकते. पाठ घेण्याच्या आदल्या दिवशी शिक्षकाने त्या दारातून स्वतः जाऊन यावे. पान नाहीसे झाले असेल तर त्याची जुनी प्रत इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेच्या संग्रहात शोधावी. १९९६ साली स्थापन झालेली ही संस्था इंटरनेटवरील पानांच्या प्रती जपून ठेवते आणि तिचा हा संग्रह २००१ पासून सर्वांस खुला आहे.

केंद्रातील शिक्षण परिषदेत चर्चेसाठी प्रश्न

१. चूक दुरुस्त करणारे चिन्ह पाहून मुलांना शुद्धलेखनाच्या पडताळणीसंबंधी काय सांगता येईल?

२. एकच मोबाईल असलेल्या वर्गात ३० मुलांचे गट कसे पाडावेत?

३. जुन्या फॉन्टांतील कोणते शालेय लेखन प्रथम युनिकोडात आणावे?

प्रत्येक शाळेने एक साधी वही घालावी. तिच्यात साधनाचे नाव, ते कशासाठी वापरले, इंटरनेटवाचून चालते की नाही आणि वर्गात काय अनुभव आला, असे चार रकाने असावेत. आवड असलेल्या एका शिक्षकाजवळचे ज्ञान त्याच्या बदलीबरोबर दुसऱ्या गावी जाते. वहीत लिहिले तर ते शाळेजवळ राहते.