सासूबाईंना जेवण कोण वाढतं?

वसईच्या आमच्या धर्मग्रामात मी बरीच वर्षं रविवारी मुलांना धर्मशिक्षण देते. मुलांपेक्षा त्यांच्या आयांचेच प्रश्न जास्त, आणि त्यातला एक हमखास : "टीचर, देवाची इच्छा नेमकी कळायची कशी?" मी काही धर्मपंडित नाही. संसार आणि चर्च दोन्ही सांभाळताना जे उमगलं, ते लिहिते.

१. पदरी आलेलं आधी. आमच्याकडच्या एका बाईंना रोज संध्याकाळी प्रार्थनागटात जायचं होतं. घरी सासू अंथरुणाला खिळलेली. देवाची इच्छा काय, असं त्यांनी फादरांना विचारलं. फादरांनी उलट विचारलं, "सासूबाईंना जेवण कोण वाढतं?" जेझुइट संघ स्थापणारा संत इग्नेशियस लोयोलाही हेच सांगतो : निवड करायची ती दोन चांगल्या गोष्टींत. पापाबद्दल 'करू की नको' हा प्रश्नच नाही, आणि लग्नासारख्या कायमच्या बांधिलकीचा पुन्हा खल करायचा नाही. ती नीट निभवायची. म्हणजे निम्मं काम आधीच ठरलेलं असतं.

२. कौल लावू नका. डोळे मिटून बायबल उघडायचं आणि बोट पडेल ते वचन देवाचं उत्तर मानायचं, ही सवय बऱ्याच घरांत आहे. मनासारखं वचन निघालं नाही की पुन्हा उघडायचं! मागण्यात मात्र गैर काही नाही. माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये १९४८ पासून बुधवारची नोव्हेना चालते; मीही जमेल तेव्हा लोकल पकडून जाते आणि मनातलं मागते. गेथसेमनीच्या बागेत येशूनेही सुटका मागितलीच की. शेवटचा शब्द मात्र त्याने पित्यावर सोडला.

३. मन खचलेलं असताना ठरलेलं मोडू नका. हेही इग्नेशियसचंच. १५२१ साली पांप्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्याचा पाय मोडला. लोयोलाच्या घरी पडून राहिलेल्या या शिपायाला शूरवीरांच्या कथा हव्या होत्या. हाती आली ख्रिस्ताची आणि संतांची चरित्रं. पराक्रमाची स्वप्नं रंगवताना मजा यायची, पण मागाहून मन कोरडं पडायचं. संतांसारखं जगण्याच्या विचाराने आलेला आनंद टिकून राहायचा. या फरकावर त्याने पुढे विवेकाची अख्खी शिकवण उभी केली.

आमची वाडी विकायचा प्रश्न निघाला तेव्हा ही शिकवण कामाला आली. केळी, पानवेली, कडेला बावखल, म्हणजे पाण्याचं तळं. ते बुजवायचा खर्चही बिल्डरचा माणूस अंगावर घ्यायला तयार होता. त्या वर्षी वादळी पावसाने केळी आडवी केलेली. धाकटे दीर वैतागून म्हणाले, "वहिनी, देवालाच नको असेल ही शेती." आम्ही म्हटलं, यंदा सही नको. उन्हाळ्यात सगळे कागद मधे पसरून बसलो. हाच प्रश्न घेऊन अनोळखी माणूस आला असता तर आपण काय सांगितलं असतं? मरणाच्या दारात आज काय केलेलं बरं वाटेल? दोन्ही प्रश्न इग्नेशियसचे. पहिल्याने सगळे बोलते झाले, दुसऱ्याने दीर गप्प झाले. रस्त्यालगतचा तुकडा पुतणीच्या नर्सिंगच्या फीसाठी विकला. बावखल आणि बाकीची वाडी ठेवली. देवाला हेच हवं होतं, असं छातीठोकपणे मी सांगणार नाही. ज्यांनी सगळं विकलं त्यांना देवाने टाकलंय असंही नाही. पण सही करताना कुणाच्या मनात राग नव्हता.

४. सगळं देवाच्या नावावर खपवू नका. विशीतला मुलगा मोटारसायकलवरून जाताना ठार होतो. धडक देणारा प्यायलेला असतो. दफनविधीनंतर अंगणात कोणीतरी त्याच्या आईला म्हणतंच, "देवाची इच्छा, बाय." दारूचा दोष देवावर कशाला? माणसाचं स्वातंत्र्य देव काढून घेत नाही, म्हणून वाईट घडू देतो; ते त्याला हवं असतं असं नव्हे, ही आपल्या चर्चची शिकवण आहे. त्यातूनही तो भलं करू शकतो हे खरं, पण ते सांगायची ती वेळ नाही. अशा घरी पेजेचं पातेलं न्यावं, रोझरीला बसावं, बाकी तोंड बंद.

५. आज्ञेची वाट बघत बसू नका. इग्नेशियसच्याच संघातला फ्रान्सिस झेवियर १५४२ साली गोव्यात उतरला. युरोपातून पत्राचं उत्तर यायला वर्षं लागत. जपानला जायचं की चीनकडे, हे प्रार्थना करून त्यालाच ठरवावं लागे. ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनजवळच्या एका बेटावर तो वारला. इग्नेशियसने त्याला परत बोलावणारं पत्र लिहिलं ते १५५३ मध्ये.

६. रात्रीची उजळणी. भांडी आवरली की मी दहा मिनिटं दिवस आठवते. आधी आभार, मग कुणावर उगाच ओरडले त्याची क्षमा, मग उद्याचं एखादं काम. आवाज वगैरे काही ऐकू येत नाही. पण आठ-पंधरा दिवस तेच तेच नाव आठवत राहिलं, की त्या माणसाला फोन करायचा हे कळतं.

मोठा निर्णय समोर असेल तर एकट्याने ठरवू नका. आपल्या फादरांची वेळ मागून घ्या. मिस्सा सुटल्यावर दारात उभ्या-उभ्या नव्हे, निवांत तासाभराची. आणि जोडीदारालाही सोबत न्या.