ट्रॅक्टरच्या स्टार्टरची तपासणी

कोल्हापूर जिल्ह्यात दसरा-दिवाळीच्या सुमारास उसाच्या गळीत हंगामाची लगबग सुरू होते व पुढे ट्रॅक्टरला उसंत राहत नाही. त्यापूर्वी पावसाळाभर तो एक तर उघड्यावर भिजत असतो किंवा गगनबावडा-शाहूवाडीकडे भाताच्या चिखलणीत राबत असतो. ओल व चिखल यांचा उपद्रव स्टार्टरला लवकर होतो. म्हणून खंडेनवमीस यंत्राची पूजा करण्याआधी ही लहानशी मोटार तपासून घेणे इष्ट होय.

स्टार्टर फिरेनासा झाला की तो उतरवून थेट उद्यमनगरात नेण्याची घाई पुष्कळजण करतात. वस्तुतः दोष बरेचदा बॅटरीत अथवा तारांच्या जोडांत असतो. इंजिन फिरविताना ही मोटार शंभराहून कितीतरी अधिक अ‍ॅम्पियर प्रवाह ओढते. त्यामुळे जोडावर चढलेला हिरवट-पांढरा क्षारही तिला उपाशी ठेवण्यास पुरतो.

गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून ब्रेक लावावा. पुढील दिवे लावून स्टार्टर फिरवावा. दिवे एकदम मंदावले तर बॅटरी उतरली आहे, जोड सैल आहे किंवा मोटार अडकली आहे. दिवे तसेच प्रखर राहिले व मोटार गप्प असली तर दोष कळीत, सॉलेनॉइडमध्ये वा ब्रशांत शोधावा. व्होल्टमीटर असल्यास अधिक बरे. बारा व्होल्टची पूर्ण भारित बॅटरी विसाव्यात सुमारे 12.6 व्होल्ट दाखविते. स्टार्टर फिरताना हा आकडा साधारणतः 9.6 च्या खाली जाऊ नये. त्याच वेळी बॅटरीचे धन टोक व स्टार्टरचे टोक यांत अर्ध्या व्होल्टहून अधिक फरक आढळल्यास जोड उकलून घासावेत. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा अधिक फिरवू नये. मिनिटभर थांबून पुन्हा फिरवावे.

पक्कड किंवा पाना स्टार्टरच्या दोन टोकांवर आडवा धरून ट्रॅक्टर सुरू करण्याची चाल सर्रास दिसते. ती प्राणघातक आहे. क्लच दाबल्यावाचून स्टार्टर फिरू नये, अशी कळ अनेक ट्रॅक्टरांत असते. पाना आडवा धरताच ती निरुपयोगी होते. ट्रॅक्टर गिअरमध्ये राहिला असेल तर तो जागीच झेप घेतो आणि मागच्या चाकापुढे उभा असलेला मनुष्य त्याखाली सापडतो. चालक कितीही जुना असो, त्यास ही मुभा देऊ नये.

इतके पाहूनही दोष राहिला तरच स्टार्टर उतरवावा. प्रथम बॅटरीची ऋण तार सोडावी. ब्रश झिजले असल्यास बदलावेत. कम्युटेटर काळवंडला असल्यास बारीक काचपेपरने पुसावा; एमरी वापरू नये, तिचे कण तांब्यात रुततात. पिनियनच्या दांड्यावर जाड ग्रीस थापल्याने धूळ चिकटते व पिनियन अडकतो. हातोडीने ठोकण्याची सवयही सोडावी, कारण नव्या धर्तीच्या काही मोटारींत स्थायी चुंबक असतात व ते तडकतात. नंतर मोटार शेगड्यात घट्ट आवळून जाड तारांनी बॅटरीस जोडावी व दोन-तीन सेकंदच फिरवावी. भाराविना तिचा वेग बेसुमार वाढतो. पिनियन चटकन पुढे यावा व प्रवाह तोडताच मागे जावा. परत बसविताना ऋण तार सर्वांत शेवटी जोडावी.