नाण्यांचे प्रदर्शन सहकुटुंब पाहताना

प्रश्न : नाणेसंग्राहकांच्या प्रदर्शनास पत्नी व दोन शाळकरी मुलांसह जायचे आहे. मुले कंटाळू नयेत आणि खरेदीत फसगत होऊ नये, यासाठी काय करावे?

उत्तर : पूर्वतयारी घरच्या सुट्या पैशांपासून करावी, वर्षाखालचे बारीक टांकसाळचिन्ह नाणे कोठे पाडले गेले हे सांगते, आणि हैदराबादचा तारा, नोएडाचा ठिपका व कोलकात्याची चिन्हविरहित जागा ओळखता आली की मुले प्रदर्शनात स्वतःहून शोध घेऊ लागतात. त्यांना शिवराई, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराजांनी सुरू केलेले तांब्याचे नाणे, अवश्य दाखवावे. त्याच्या एका बाजूस ‘श्री राजा शिव’ व दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ अशी देवनागरी अक्षरे असतात, ती ठसा अपुरा उमटल्याने बहुधा तुटलेली दिसतात, आणि ती जुळवून वाचण्याइतका आनंद दुसऱ्या कोणत्याही दालनात क्वचितच मिळतो.

नाणे नेहमी कडेने धरावे आणि चिंचेने वा राखेने कधीही घासू नये, कारण काळाने चढलेला थर गेला की त्याचे मोलही जाते. पंचम जॉर्जच्या काळातील चांदीचा रुपया 11.66 ग्रॅमचा असतो व चुंबकास चिकटत नाही. मात्र वजन जुळणाऱ्या नकलाही असल्याने पावती देणाऱ्या विक्रेत्याकडूनच खरेदी करावी. परदेशस्थ नातेवाइकांसाठी नाणे घेताना, 1972 च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे खासगी व्यक्तीस देशाबाहेर नेता येत नाही, हे आधीच सांगावे.