राऊटर चालवताना: आधी प्लग, मग दिशा

आपल्या गोंदियाकडे पावसाळ्यात लाईट कधी जाईल, नेम नाही. राऊटर चालू असताना गेली तर स्विच बंद करा अन् प्लग काढा. नाहीतर तुम्ही बिट बदलत असाल, लाईट येईल आणि मशीन बोटांवरच सुरू होईल.

बिटचा दांडा कोलेटमध्ये पूर्ण घालून 2-3 मिमी वर ओढा, मग आवळा.

आता दिशा. वरून पाहिलं तर बिट घड्याळाच्या काट्यासारखा फिरतो. म्हणून फळीची बाहेरची कड काट्यांच्या उलट दिशेने फिरवायची, आतला कटआऊट काट्यांच्या दिशेने. चुकलं की मशीन हातातून पळते. फळी क्लॅम्पने बांधा. सागवानात एका फेरीत 3 मिमीच घ्या, डिलिव्हरी उद्याची असली तरी. गॉगल, मास्क पाहिजेच. सैल बाह्या नकोत.