पालक : गुण आणि गैरसमज

पालक खाल्ला की रक्त वाढते, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्यात खरे किती, ते पाहू.

शंभर ग्रॅम कच्च्या पालकात लोह असते सुमारे ३ मिलिग्रॅम. गरोदर स्त्रीला रोज २७ मिलिग्रॅम लागते. शिवाय पालकातले लोह थोडेच अंगी लागते. म्हणून "सून रोज पालक खाते, मग गोळ्या कशाला?" हे म्हणणे धोक्याचे आहे. आरोग्य केंद्रात मिळणारी लोहाची गोळी चौथ्या महिन्यापासून रोज एक, निदान १८० दिवस घ्यायचीच. अंगात रक्त कमी असले आणि बाळंतपणात आणखी गेले, तर जिवावर बेतते.

मग पालक सोडायचा का? मुळीच नाही. डोळ्यांना हवे असलेले अ जीवनसत्त्व शरीर त्यापासून बनवते. फॉलिक ॲसिडही मिळते. भाजीवर लिंबू पिळावे, म्हणजे लोह अधिक अंगी लागते. जेवणावर लगेच चहा घेऊ नये. मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी पालक बेताने खावा. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असल्यास डॉक्टरांना विचारावे.

परसात एक वाफा पेरला, तर महिना-दीड महिन्यात पालक कापणीला येतो. औषध फवारले असल्यास डब्यावर लिहिलेले दिवस सरल्याशिवाय कापू नये. भाजी वाहत्या पाण्यात नीट धुवावी.

आमचे सांगणे एवढेच : पालक ताटात असावा, आणि गोळीही चुकू नये.